एका मार्काचा शब्द

सहावीत, सहामाहीच्या इंग्रजीच्या पेपरात:
'मिंट' शब्दाचा अर्थ लिहा. गुण एक.
मी लिहिलं, पुदिना.
कुलथे मॅडमनी लाल शाईत शून्य काढलं
आणि शेजारी: टांकसाळ. धडा चौथा पाहा.
शून्य छान गोल होतं,
ठसा मारायचा राहिलेल्या नाण्यासारखं.

पेपरवर सही बाबांची लागायची.
बाबा प्रेसमध्ये. नाशिकरोडला 'प्रेस' म्हटलं
की कुणी विचारत नाही, कसली.
दिवसभर दुसऱ्याच्या नोटा मोजायच्या,
भोंगा झाला की हात वर करून झडती द्यायची
आणि रिकाम्या खिशानं फाटकाबाहेर यायचं.
बाहेर हौसाबाई पिंगळे, मखमलाबादची,
ओल्या गोणपाटावर जुड्या मांडून.
एक पुदिन्याची, रोज.
आई म्हणायची, रोज कशाला?
बाबा म्हणायचे, काहीतरी घेऊन यावंसं वाटतं.

सही केली त्यांनी. म्हणाले,
मॅडमना सांग, टांकसाळ मुंबईला.
आमच्याकडे नुसता कागद.

पुढे मी टंकलेखक झाले.
सीबीएसला, कोर्टाच्या भिंतीला पाठ लावून,
एका पानाचे पाच रुपये.
शब्द मला तिथे सापडला, यंत्राखाली, कार्बनला चिकटलेला.
टंक म्हणजे नाणं. टंक म्हणजे छिन्नीसुद्धा.
पाथरवटाची टाकी तिथलीच,
आणि पांडवलेण्यावर कातळात खोदलेलं टाकं,
ज्याच्या पाण्यात आम्ही सहलीला तोंडं पाहिली.
तांबट लेनमध्ये पोपट कर्डे चांदीच्या पत्र्यावर
खंडोबा उठवतात, तो टाक.
आधी घोड्याचे पाय, देव सगळ्यात शेवटी.
मी विचारलं, असं का?
म्हणाले, पाय चुकले तर देव पडतो.

टाकणं मात्र वेगळ्या घरचं असावं.
नुसतं आडनावबंधू.

पुदिना फारसीतून आला, वाटेत कुठे न सुकता.
आणि मिंट, तिकडचा,
तो एक नाहीच, दोन आहेत.
एक रोमच्या देवीच्या आवारातला, जिथे नाणी पाडत;
तिचं नाव म्हणे 'इशारा देणारी'.
काय इशारा द्यायची, ते पैसेवाल्यांनी लिहून ठेवलं नाही.
दुसरी एक पोरगी, ग्रीकांच्या गोष्टीतली,
सवतीनं पायाखाली तुडवली,
तिची पानं झाली.
जेवढं तुडवाल तेवढा वास.
दोघी एकाच स्पेलिंगमध्ये भाडेकरू,
जिन्यात भेटल्या तरी बोलत नाहीत.

मागल्या वर्षी अंजनेरीला नाणी पाहायला गेले.
काचेखाली पेशवाईतला रुपया,
आपल्या नाशिकच्याच टांकसाळीतला.
साचा मोठा, चकती लहान,
अक्षरं कडेवरून सांडलेली.
तिथला पोरगा अर्धं वाचून, अर्धं आठवून म्हणाला,
गुलशनाबाद. मोगलांनी ठेवलेलं नाशिकचं नाव.
गुलशन. म्हणजे बाग.
मी काचेला नाक लावून उभी राहिले.
वास आला असं म्हणणार नाही.
पण कुलथे मॅडम, बाग नाण्यावर होती.

घरी येऊन बाबांना सांगितलं.
आता ऐकू कमी येतं त्यांना.
म्हणाले, मग अर्धा मार्क तरी द्यायला हवा होता.
मांडीवर ताट घेऊन पुदिना निवडत होते,
अंगठा जिभेला लावून एकेक पान सुटं करत,
ओठ हलत होते.
दांड्या टाकू नकोस म्हणाले,
पेल्यात पाणी घालून ठेव, मुळं फुटतात.

मग थांबले. ताटाकडे बघितलं.
अठ्ठ्याण्णव, म्हणाले. दोन कमी.
आणि पहिल्यापासून मोजायला बसले.